आडव्या वाऱ्याचे शिक्षण

विमानविद्येविषयी सामान्य माणसाच्या मनात जे कुतूहल असते, ते बहुधा उड्डाणाविषयीचे असते. एवढे अवजड धूड जमीन सोडून वर जाते कसे, हा प्रश्न शाळकरी मुलापासून निवृत्त कारकुनापर्यंत सर्वांना पडतो. ते खाली कसे येते, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारीत नाही. वर गेलेली वस्तू खाली येणारच, हे आपण गृहीत धरलेले असते. वैमानिकाच्या शिक्षणातला अनुभव याच्या नेमका उलटा आहे. विमान वर नेणे नवशिक्याला थोड्या दिवसांत साधते. ते ठरल्या जागी, ठरल्या वेगाने आणि धावपट्टीच्या रेषेत जमिनीवर टेकवणे हे खरे कष्टाचे काम. त्यातही वारा धावपट्टीला आडवा वाहत असेल, तर नवशिक्याच्या हातापायांची, डोळ्यांची आणि मुख्य म्हणजे विवेकाची जी परीक्षा होते, तिला तोड नाही.

हा विषय केवळ विमानतळाच्या कुंपणाआतला राहिलेला नाही. २०२३च्या फेब्रुवारीत एअर इंडियाने ४७० आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली. एवढी विमाने चालवायला माणसे लागणार, हे ओळखून देशात वैमानिक घडवणाऱ्या संस्थांना उत्तेजन देण्याचे धोरण आखले गेले. २०२१मध्ये भारतीय विमानतळ प्राधिकरणाने ज्या पाच विमानतळांवर प्रशिक्षण संस्थांना जागा देऊ केली, त्यांत आपले जळगाव होते आणि मराठी माणसाच्या जिव्हाळ्याचे बेळगावही होते. शिरपूर, धुळे, बारामती, गोंदिया ही नावे तर वैमानिक होऊ पाहणाऱ्या मुलामुलींच्या तोंडी आहेतच. छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, बीड इथल्या शिक्षकांच्या, कारकुनांच्या आणि शेतकऱ्यांच्या घरांतूनही मुले या विद्येकडे वळू लागली, तर त्यात नवल नाही. या शिक्षणाचा खर्च लाखोंच्या घरात जातो. त्यासाठी कर्ज निघते, प्रसंगी जमीन गहाण पडते. मुलगा वा मुलगी परवाना घेऊन घरी येईल, या आशेवर कुटुंबे वर्षानुवर्षे पोटाला चिमटा घेतात. अशा कुटुंबांना आपल्या मुलाला नेमके काय शिकवले जाते आणि काय शिकवायचे राहून जाते, हे विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे.

नावाडी आणि वैमानिक

आडव्या वाऱ्याचे गणित समजायला विमानात बसावे लागत नाही. पैठणला गोदावरीच्या वाहत्या पात्रातून होडी पलीकडे नेणारा नावाडी होडीचे तोंड समोरच्या घाटाकडे सरळ धरीत नाही. तो ते प्रवाहाच्या उगमाकडे थोडे वळवून ठेवतो. होडी तिरकी दिसते, पण जाते सरळ. तोंड घाटाकडे सरळ धरले, तर प्रवाह तिला खाली ओढून नेईल, हे त्याला कोणत्याही पुस्तकाविना कळलेले असते. हवा हीही एक वाहती नदीच आहे. विमान त्या हवेत तरंगते आणि हवेबरोबर सरकते. धावपट्टीवर येणाऱ्या वैमानिकालाही विमानाचे नाक वाऱ्याच्या बाजूला वळवून तिरके यावे लागते. खेकड्याच्या चालीवरून या रीतीला ‘क्रॅब’ असे नाव पडले आहे.

किती तिरके यायचे, याचा हिशेब सोपा आहे. लहान शिकाऊ विमान उतरताना ६० नॉट वेगाने येत असेल आणि १२ नॉटचा वारा काटकोनात आडवा वाहत असेल, तर नाक सुमारे साडेअकरा अंश वळवावे लागते. ते वळवले नाही तर काय होईल? १२ नॉट म्हणजे सेकंदाला सुमारे सहा मीटर. आपल्याकडच्या मोठ्या धावपट्ट्या साधारण ४५ मीटर रुंद असतात. मध्यरेषेपासून कडेपर्यंतचे अंतर साडेबावीस मीटर. म्हणजे मध्यरेषेवर असलेले विमान वाऱ्याच्या हवाली केले, तर चार सेकंदांच्या आत ते पट्टीच्या कडेवरून बाहेर गेलेले असेल. विचार करून निर्णय घ्यायला चार सेकंद अपुरे असतात. तेवढ्या वेळात जे घडायचे, ते सवयीनेच घडावे लागते.

नावाड्याची उपमा मात्र इथेच संपते. होडी तिरकीच घाटाला लागली तरी बिघडत नाही. विमानाची चाके मात्र धावपट्टीच्या रेषेत असावी लागतात. तिरक्या विमानाने जमिनीला स्पर्श केला तर चाकांवर आणि त्यांच्या दांड्यांवर बाजूने जबर ताण येतो, आणि विमान पट्टी सोडून भरकटू शकते. म्हणून टेकण्यापूर्वीच्या अखेरच्या क्षणी नाक सरळ करावे लागते. नाक सरळ केले की वारा विमानाला बाजूला ढकलू लागतो. ते ढकलणे थोपवण्यासाठी वाऱ्याकडचा पंख किंचित खाली झुकवायचा आणि त्याच वेळी विरुद्ध बाजूच्या पायाने रडर दाबून नाक रेषेत ठेवायचे, असा हा उद्योग आहे. हात एकीकडे, पाय दुसरीकडे. सायकल वा मोटार चालवून ज्या सवयी अंगात मुरलेल्या असतात, त्या इथे मोडाव्या लागतात. नीट साधले तर आधी वाऱ्याकडचे मागचे चाक टेकते, मग दुसरे, आणि सर्वांत शेवटी पुढचे. पाहणाऱ्याला हे एका पायावर उतरणे विचित्र वाटते. जाणकाराला त्यात शिस्त दिसते.

याहून कठीण भाग पुढेच आहे. चाके टेकली की नवशिक्या सुटकेचा नि:श्वास टाकतो आणि हात सैल सोडतो. वास्तविक वेग जसजसा कमी होतो, तसतसा पंखांवरील नियंत्रक पृष्ठांचा प्रभाव घटत जातो. म्हणून हाताचा रोख वाऱ्याकडे अधिकाधिक वाढवीत न्यावा लागतो. तो सैल पडला की वाऱ्याकडचा पंख उचलला जातो आणि जी उतरण निर्विघ्न झाली असे वाटत होते, तिचा शेवट गवतात होतो. विमान थांबेपर्यंत उतरण संपत नाही, हे वाक्य प्रत्येक प्रशिक्षक सांगतो. ते अंगी मुरायला अनेक वाऱ्यांतून जावे लागते.

धावपट्टीची दिशा

आडव्या वाऱ्याचा प्रश्न एका अर्थाने प्रगतीनेच निर्माण केला. विमानयुगाच्या आरंभी विमानतळ म्हणजे बहुधा मोकळी मैदाने असत. वारा ज्या दिशेने येईल, त्या दिशेला तोंड करून उतरावे, एवढाच नियम होता. जुहूचा विमानतळ १९२८चा. जे. आर. डी. टाटांनी १० फेब्रुवारी १९२९ला मुंबईत वैमानिकाचा परवाना मिळवला आणि १५ ऑक्टोबर १९३२ला कराचीहून टपाल घेऊन ते जुहूला उतरले, तो काळ हलक्या विमानांचा आणि मोकळ्या मैदानांचा. पुढे विमाने जड झाली, त्यांना पक्की, लांब धावपट्टी लागू लागली, आणि पट्टी एकदा बांधली की तिची दिशा कायमची ठरली. वारा मात्र कोणाच्या आराखड्याने वाहत नाही.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने यासाठी एक मोजमाप घालून दिले आहे. विमानतळावरील धावपट्ट्यांची संख्या आणि दिशा अशी असावी की आडव्या वाऱ्यामुळे विमानतळ निरुपयोगी होण्याची वेळ शंभरातून पाचांहून अधिक येऊ नये. याचा दुसरा अर्थ असा की, शंभरातून पाच वेळा वारा मर्यादेबाहेर आडवा असेल, हे नियम करणाऱ्यांनीच मान्य केलेले आहे. मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळावर आणि जुहूलाही एकमेकींना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्या आहेत, त्या उगाच नाहीत.

आपल्या भागाची गोष्ट वेगळी. चिकलठाण्याची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. शिर्डीची पूर्व-पश्चिम आहे. नाशिकजवळच्या ओझरचीही पूर्व-पश्चिमच. यात चूक काही नाही. पावसाळ्याचे चार महिने वारा प्रामुख्याने पश्चिमेकडून येतो, तेव्हा पट्टीचे तोंड तिकडे असणे हेच शहाणपणाचे. पण वाऱ्याने दक्षिणेची वा उत्तरेची वाट धरली, तर चिकलठाण्याहून शिर्डीला वा ओझरला जाऊन दिशेच्या बाबतीत काही लाभ होत नाही. तिथेही तोच वारा त्याच कोनात आडवा येणार. अशा वेळी दुसरी धावपट्टी उपयोगी पडत नाही; वैमानिकाचे कसब तरी उपयोगी पडते, किंवा न उतरण्याचा त्याचा निर्णय तरी.

कोनाचा हा परिणाम किती, तेही पाहण्यासारखे आहे. समजा, चिकलठाण्याच्या पश्चिमाभिमुख पट्टीवर, म्हणजे २७ क्रमांकाच्या पट्टीवर, एक शिकाऊ विमान उतरत आहे. वारा २४० अंशांवरून १६ नॉटचा आहे. पट्टीशी त्याचा कोन ३० अंश. म्हणजे आडवा भाग निम्मा, ८ नॉट. हा वारा नवशिक्याला झेपण्यासारखा आहे. आता वाऱ्याचा जोर तेवढाच राहून तो २१० अंशांवर सरकला, तर कोन ६० अंशांचा होतो आणि आडवा भाग जवळजवळ १४ नॉटवर जातो. सेस्ना १५२ या सर्वपरिचित शिकाऊ विमानाच्या पुस्तिकेत आडव्या वाऱ्याचा जो सिद्ध आकडा दिलेला आहे, तो १२ नॉटचा. तो ओलांडला गेला की कारखान्याच्या चाचणी-वैमानिकाने जे करून दाखवले, त्याच्या पलीकडच्या प्रदेशात आपण आलो. आपल्याकडे मार्च ते मे या महिन्यांत दुपारी तापलेल्या जमिनीवरून वावटळी उठतात, वळवाच्या ढगाखालून सुटलेला वारा काही मिनिटांत दिशा फिरवतो. तेव्हा हे तीस अंश सरकणे ही कल्पनेतली गोष्ट नाही.

उन्हाळ्याचा आणखी एक जाच आहे. चिकलठाण्याचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० फूट उंचीवर आहे. पारा ४० अंशांवर गेला की तिथली हवा इतकी विरळ होते, की विमानाच्या दृष्टीने ते पाच हजार फुटांहून अधिक उंचीवर असल्यासारखे असते. वेगदर्शकाचा काटा नेहमीचाच आकडा दाखवतो, पण जमिनीवरचा खरा वेग वाढलेला असतो. म्हणजे ज्या दिवशी वारा लहरी, त्याच दिवशी पट्टी नेहमीपेक्षा झपाट्याने मागे पडते.

तास मोजायचे की कसब?

आता आपल्या शिक्षणाकडे पाहू. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी आपल्याकडे २०० तासांचे उड्डाण लागते. त्यांतले १०० तास उमेदवाराने स्वतः विमानाचा प्रमुख म्हणून केलेले असावेत, रात्रीचे पाच तास असावेत आणि त्यात दहा उड्डाणे व दहा उतरणी असाव्यात, ३०० सागरी मैलांचा एक लांबचा प्रवास असावा, असा तपशीलवार हिशेब नियमांत आहे. आडव्या वाऱ्यातील उतरण हा धडा अभ्यासक्रमातही आहे. परंतु अनुभवाच्या या यादीत वारा कुठेच नाही. दोनशे तास कोणत्या वाऱ्यात झाले, हा प्रश्न यादी विचारीत नाही.

याचा परिणाम शिक्षकवर्गाला समजावून सांगायला नको. जे मोजले जाते तेच शिकवले जाते आणि तेच शिकले जाते. वर्गात हजेरीचे दिवस मोजले, तर हजेरी भरते; ज्ञान भरेलच असे नाही. उड्डाणाचे तास मोजले, तर तास भरतात. तास लवकर भरायचे तर हवा शांत हवी. म्हणून सकाळची शांत हवा पाहून विमाने काढली जातात आणि दुपारी वारा सुटला की शेडमध्ये जातात. सुरक्षिततेच्या दृष्टीने हे योग्यच दिसते आणि नवशिक्याला एकट्याने वाऱ्यात सोडू नये, हे निर्विवाद आहे. पण प्रशिक्षक शेजारी बसलेला असतानाही जर वाऱ्याचे दिवस टाळलेच जात असतील, तर विद्यार्थी वाऱ्याला प्रथम भेटणार कधी? तो एकटा असेल तेव्हा, किंवा त्याच्या पाठीमागे दीडशे प्रवासी बसलेले असतील तेव्हा. ज्या शाळेत अवघड धडा ‘परीक्षेला येणार नाही’ म्हणून गाळला जातो, तिथला विद्यार्थी तो धडा पुढे आयुष्यात महाग किंमत देऊन शिकतो.

‘आता विमाने आपोआप उतरतात, मग या जुन्या कसबाचे कौतुक कशाला?’ असे विचारणारे भेटतात. त्यांनी एक आकडा ध्यानात घ्यावा. आपल्याकडे मोठ्या संख्येने असलेल्या एअरबस ए-३२० या विमानाला स्वयंचलित उतरणीसाठी आडव्या वाऱ्याची मर्यादा २० नॉटची आहे. वैमानिकाने स्वतःच्या हाताने उतरवून सिद्ध केलेला आकडा त्याहून बराच मोठा, झोतांसह ३८ नॉटचा आहे. म्हणजे वारा जोराचा झाला की यंत्र आपले काम माणसाच्या हाती परत देते. यंत्राने माणसाची जागा घेतली आहे ती सोप्या दिवसांपुरती.

‘मग हे सारे सिम्युलेटरमध्ये शिकवावे,’ हा दुसरा युक्तिवाद. सिम्युलेटरचे महत्त्व कोणी नाकारीत नाही. पण २० डिसेंबर २००८ रोजी अमेरिकेतील डेन्व्हर येथे एक बोइंग ७३७ विमान उड्डाणाच्या धावेत जोरदार आडव्या वाऱ्यात सापडून धावपट्टीबाहेर गेले आणि पेटले. सुदैवाने कोणी दगावले नाही. तिथल्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने चौकशीत वैमानिकाच्या चुकीवर बोट ठेवले. पण तेवढ्यावर न थांबता, वाऱ्याची आवश्यक माहिती वैमानिकापर्यंत पोचली नव्हती आणि वाऱ्याचे झोत सिम्युलेटरमध्ये नीट उतरवलेले नसल्यामुळे साऱ्या विमान व्यवसायातच आडव्या वाऱ्याचे प्रशिक्षण अपुरे राहिले होते, हेही स्पष्टपणे नोंदवले. प्रगत देशातल्या अनुभवी वैमानिकांची ही स्थिती असेल, तर शंभर तासांच्या विद्यार्थ्याविषयी काय सांगावे?

या शिक्षणाचा कणा म्हणजे प्रशिक्षक. त्याच्या कामातली सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे हात आवरणे. विद्यार्थ्याची चूक दिसताच त्याने विमान आपल्या हाती घेतले, तर विद्यार्थी काही शिकत नाही. एक क्षण उशिरा घेतले, तर विमानच हाती राहत नाही. या दोन टोकांमधली जागा अनुभवाने सापडते. ज्या प्रशिक्षकाने स्वतः मोजके वारे पाहिले आहेत, तो ती जागा कुठून शोधणार? मोठ्या कंपनीत नोकरी लागेपर्यंतचा थांबा म्हणून जर प्रशिक्षकाच्या खुर्चीकडे पाहिले जात असेल, तर दोष त्या तरुणाचा नाही. जी व्यवस्था शिकवण्याच्या कामाला वेतन आणि मान देत नाही, तिचा आहे. शाळा-महाविद्यालयांतल्या वाचकांना या दुखण्याची ओळख वेगळी करून द्यायला नको.

परत फिरण्याची प्रतिष्ठा

आडव्या वाऱ्याच्या शिक्षणात हातापायांच्या कसबाइतकीच मोलाची दुसरी एक गोष्ट आहे: उतरण जमत नाही असे दिसताच पुन्हा वर जाणे. वैमानिकांच्या भाषेत याला ‘गो-अराउंड’ म्हणतात. इंजिनाला पूर्ण जोर द्यायचा, विमान वर न्यायचे, फेरी मारून नव्याने यायचे, आणि तरीही जमले नाही तर दुसरीकडे जायचे. यात कमीपणा काही नाही. पण माणसाचे मन विचित्र असते. समोर पट्टी दिसत असते, मागे प्रवासी असतात, खाली सहकारी पाहत असतात. ‘आता आलोच आहोत, तर उतरून घेऊ,’ असे वाटते. हे वाटणेच घात करते.

१ मार्च २००८ रोजी जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे वादळी वाऱ्यात उतरणाऱ्या ए-३२० विमानाचा डावा पंख धावपट्टीला घासला. वैमानिकांनी उतरण सोडून दिली, विमान वर नेले आणि वाऱ्याला अधिक अनुकूल अशा दुसऱ्या पट्टीवर ते सुखरूप उतरवले. कोणालाही इजा झाली नाही. याउलट आपल्याकडचे चित्र पाहा. २२ मे २०१० रोजी मंगळूरला १५८ माणसे गेली. सहवैमानिकाने परत फिरण्याची सूचना पुनःपुन्हा देऊनही उतरण चालूच ठेवली गेली, असा चौकशीचा निष्कर्ष होता. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळीकोडला पाठीमागून येणाऱ्या वाऱ्यात, भर पावसात विमान पट्टीवर फार पुढे जाऊन टेकले आणि २१ जणांनी प्राण गमावले. तिथेही वर जाण्याचा पर्याय वापरला गेला नाही. या दोन्ही अपघातांत वारा आडवा होता असे नव्हे. पण मनाची जी सवय तिथे घातक ठरली, ती पहिल्या पन्नास तासांतच, लहान विमानातच लागते किंवा मोडते.

म्हणून शिकाऊ वैमानिकाने केलेला गो-अराउंड हा त्याच्या खाती दोष म्हणून नव्हे, तर गुण म्हणून लिहिला गेला पाहिजे. आज त्याच्या मनात वेगळाच हिशेब चालू असण्याचा संभव अधिक. हवेतला प्रत्येक तास पैशांत मोजलेला असतो. एक जास्तीची फेरी म्हणजे घरच्यांच्या कर्जात आणखी भर, हे त्याला ठाऊक असते. ज्या व्यवस्थेत शहाणपणाला दंड बसतो, तिथे शहाणपण फार काळ टिकत नाही. सुरक्षिततेसाठी मारलेल्या फेरीचा खर्च विद्यार्थ्याच्या माथी मारू नये, एवढा साधा नियम संस्थांनी केला, तरी पुष्कळ फरक पडेल.

चिकलठाण्याचा धडा

या शहराला विमान अपघात ही दूरची बातमी नाही. २६ एप्रिल १९९३ रोजी चिकलठाण्याहून मुंबईकडे निघालेले इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ विमान धावपट्टीच्या टोकापलीकडच्या बीड रस्त्यावरून जाणाऱ्या, कापसाच्या गाठींनी भरलेल्या मालमोटारीवर आदळले. पुढे विजेच्या तारांना लागून ते काही किलोमीटरवर कोसळले. विमानातील ११८ जणांपैकी ५५ जण मृत्युमुखी पडले. तो अपघात उतरतानाचा नव्हता आणि आडव्या वाऱ्याचाही नव्हता. पण त्याच्या चौकशीने दोन गोष्टी शेजारी शेजारी मांडल्या. विमानाचे नाक उशिरा व चुकीच्या पद्धतीने उचलले गेले, ही वैमानिकांची चूक. आणि विमानाच्या वेळी त्या रस्त्यावरची वाहतूक रोखली नाही, ही विमानतळ चालवणाऱ्या यंत्रणेची चूक. कसब आणि व्यवस्था, दोन्ही एकाच वेळी कमी पडली. पंचावन्न माणसांच्या मृत्यूनंतर हाती आलेला हा धडा आपण वैमानिकांच्या शिक्षणालाही लावला पाहिजे. अपघातानंतर ‘वैमानिकाची चूक’ असा शिक्का मारून मोकळे होणे सोपे असते. ती चूक होऊ नये यासाठी त्याला काय शिकवले होते, हे विचारणे गैरसोयीचे असते.

अलीकडच्या घटना हा प्रश्न टाळू देत नाहीत. १६ जुलै २०२१ रोजी चोपडा तालुक्यात शिकाऊ विमान कोसळून प्रशिक्षकाचा मृत्यू झाला आणि विद्यार्थिनी जखमी झाली. ऑक्टोबर २०२३मध्ये बारामती परिसरात एकाच संस्थेची दोन विमाने चार दिवसांच्या आत अपघातग्रस्त झाली आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्या संस्थेचे प्रशिक्षण थांबवले. अशा घटनांची कारणे एकच असतात असे नाही, आणि त्या सर्वांचे खापर वाऱ्यावर फोडणे तर सर्वस्वी चूक ठरेल. पण शिकाऊ विमानाचा अपघात ही दोन ओळींची बातमी म्हणून सोडून देता येत नाही, एवढे त्यांवरून स्पष्ट होते.

मग करायचे काय? मागणी अवाजवी नाही. पहिली गोष्ट, विद्यार्थ्याच्या नोंदवहीत उतरणींच्या संख्येबरोबर त्या उतरणीच्या वेळचा आडवा वाराही लिहिला जावा आणि परवान्यापूर्वी प्रशिक्षकासह अशा किमान उतरणींची अट असावी. दुसरी, हे शिक्षण पायरीपायरीने व्हावे: प्रथम पाच नॉटचा वारा, मग आठ, मग दहा, आणि एकट्याने उड्डाण करण्याची मर्यादा प्रशिक्षकासह केलेल्या सरावाच्या नेहमी खालीच राहावी. तिसरी, प्रत्येक शिकाऊ धावपट्टीच्या दोन्ही टोकांना वाऱ्याची दिशा दाखवणारे कापडी मोजे धड अवस्थेत असावेत आणि वेग मोजण्याचे उपकरण चालू असावे. फाटका मोजा आणि बंद पडलेला काटा ही किरकोळ बाब मानली जाऊ नये. चौथी, अनुभवी वैमानिकांनी शिकवण्याकडे वळावे, एवढे वेतन आणि एवढी प्रतिष्ठा प्रशिक्षकाच्या कामाला मिळावी. १ जानेवारी २०२५पासून १९३४च्या जुन्या कायद्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला आहे. कायदा नवा झाला, तर त्याखालच्या नियमांनीही केवळ तासांची भाषा सोडून कसबाची भाषा बोलायला हरकत नसावी.

आपल्या शहरालाही वैमानिक घडवण्याच्या कामात वाटा असावा, असे इथल्या तरुणांना वाटणे स्वाभाविक आहे. चिकलठाण्याला चांगली लांब धावपट्टी आहे, आणि उद्योगनगरी म्हणून शहराचा लौकिकही आहे. पण अशा कोणत्याही संस्थेचे स्वागत करताना, ती वर्षाला किती परवाने देईल, हा प्रश्न आपण शेवटी विचारावा. ती विद्यार्थ्याला किती प्रकारच्या वाऱ्यांतून नेईल, कोण शिकवील आणि परत फिरणाऱ्या विद्यार्थ्याकडे तिथे कोणत्या नजरेने पाहिले जाईल, हे प्रश्न आधी यावेत. मुलाचे नाव घालण्यासाठी अर्ज भरताना पालकांनीही संस्थेच्या जाहिरातीतल्या विमानांच्या चित्रांपेक्षा या प्रश्नांच्या उत्तरांकडे अधिक लक्ष द्यावे.

वारा आडवा येऊ नये, अशी व्यवस्था कोणत्याही सरकारला करता येणार नाही. तो आला असता काय करायचे, हे शिकवण्याची व्यवस्था मात्र करता येते, आणि ती करणे हे सरकारचे व संस्थांचे कर्तव्य आहे. ज्या घरांनी आपली मुले आणि आपली मिळकत या शिक्षणाच्या स्वाधीन केली आहे, त्यांना निदान एवढी हमी मिळाली पाहिजे की, त्यांच्या मुलाच्या आयुष्यात जोराच्या वाऱ्याचा पहिला दिवस उगवेल, तेव्हा शेजारच्या आसनावर त्याचा शिक्षक बसलेला असेल.